निळे काटे

गल्लीत तिला सगळे आत्या म्हणत. खरं तर ती एकाच मुलीची आत्या होती, कुंपणापलीकडच्या घरातल्या भावाच्या मुलीची. पण त्या पोरीनं लहानपणी भिंतीवरून हाका मारून मारून ते नाव असं पसरवलं, की पेपर टाकणाऱ्यापासून वसाहतीच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचीच ती आत्या होऊन बसली. तिला ते आवडत नसे. नातं लावून बोलणारी माणसं पुढच्या वाक्यात काहीतरी मागतात असा तिचा अनुभव होता, आणि माणसांबद्दलचे तिचे बाकीचे अनुभवही साधारण याच जातीचे होते.

उभं आयुष्य तिनं चष्म्याच्या दुकानात काढलं होतं. मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवायचं, नाकावर ती जड, गोल चौकट चढवायची, तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? इतक्या साध्या प्रश्नालाही माणसं खोटं बोलत. शेवटची ओळ दिसत नसताना आधीच्या गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेली अक्षरं घडाघडा म्हणून दाखवत. नंबर वाढलाय म्हटलं की तिच्याकडेच संशयानं बघत. काहींना तर नंबराशी देणंघेणंच नसे, चौकट चेहऱ्याला शोभते की नाही तेवढं सांगा म्हणत. निवृत्त होईतो आत्याचं मत पक्कं झालं होतं: माणसांना दिसायला नकोच असतं, बघितल्याचं समाधान तेवढं हवं असतं.

वडील गेल्यावर घराची वाटणी झाली. घराचे दोन भाग झाले, मधे कमरेएवढी भिंत उठली. वडिलांनी वर्षानुवर्षं कसलेली काळी, भुसभुशीत माती भावाच्या बाजूला गेली. आत्याच्या बाजूला आली ती घर बांधताना उरलेली खडी, फुटक्या विटा, चुन्याची ढेपळं आणि त्यांच्यावर नावापुरती पसरलेली दोन बोटं माती. वाटणीच्या वेळी भाऊ म्हणाला होता, "ताई, तुला काय फरक पडतो? तू थोडीच बाग करणार आहेस!" आत्या त्यावर काही बोलली नाही. न बोलण्यात ती पटाईत होती, आणि न विसरण्यात त्याहून.

भावाचा धंदा गालिच्यांचा. जन्मभर त्यानं गालिचे विकले आणि दुकान मुलीच्या हवाली केल्यावर अंगणातही गालिचाच अंथरला. सकाळी उठून हिरवळीला पाणी, दुपारी खत, संध्याकाळी कातरणं. आत्या भिंतीपलीकडून बघत असे. गवताचं पातं न् पातं एका उंचीचं, जणू शाळेत प्रार्थनेला उभी केलेली पोरं. चारी बाजूंनी मोसमी फुलांची झालर, कुणी जोरात शिंकलं तरी माना टाकतील अशी. आणि एवढं करून गृहस्थ बायकोला सांगायचा, गवत पिवळं पडलंय, खत कमी होतंय. हिरव्यागार गवताला पिवळं म्हणायचं आणि त्याच्यावर आणखी एक गोणी ओतायची. आत्याला वाटे, श्रीमंतीचं अजीर्ण दुसरं काय असतं?

तिच्या खडीत पहिला उंटकटारा आला तो आपला आपण. कुणी लावला नव्हता, कुणी बोलावला नव्हता. दातेरी, काटेरी पानं, खालून पांढरी लव, मधून एक ताठ दांडा आणि त्याच्या टोकाला चेंडूसारखं गोल बोंड, नुसत्या टोकदार सुयांचं. भावजय भिंतीवरून म्हणाली, वन्सं, ते रान माजायच्या आत उपटून टाका हो. म्हणूनच आत्यानं ते ठेवलं. मग एके दिवशी त्या चेंडूच्या अगदी माथ्यावर एक बारीक निळं फूल उमललं, दुसऱ्या दिवशी त्याच्याखालचं वर्तुळ, आणि आठवडा संपेतो वरून खाली रंगत आलेला तो चेंडू असा निळा झाला, की आत्या हातातला चहा विसरून त्याच्यासमोर उभी राहिली. चार भुंगे त्याला लटकले होते. त्यातला एक झिंगून खाली पडला, उठला, पुन्हा चढला.

त्यानंतर तिला नादच लागला. बियांच्या दुकानदारांना पत्रं घालून तिनं काटेरी झाडांचं एकेक घराणं गोळा केलं. एक पुरुषभर उंच वाढणारं, पानं-दांड्यासकट रुपेरी, चांदण्यात विसरून राहिलेलं वाटावं असं. एक बुटकं, फुलाभोवती निळसर धातूच्या पत्र्याची कातरलेली गळपट्टी असलेलं, फुलाच्या दांड्यापर्यंत निळं. एक अवाढव्य, कारंज्यासारख्या पानांचं, मुठीएवढी जांभळी फुलं येणारं. या सगळ्यांना एकच गोष्ट लागे: दुर्लक्ष. खत घातलं की ती फोफावून आडवी पडत, पाणी जास्त झालं की बुंध्याशी कुजत. उपाशी ठेवली, उन्हात ठेवली, की ताठ. आत्याला अशी माणसं आयुष्यात भेटली नव्हती. निदान झाडं भेटली.

गल्लीनं अर्थातच नाकं मुरडली. समोरच्या घरातले अध्यक्ष विमा कंपनीतून निवृत्त झालेले. कुठल्याही गोष्टीतून पुढं काय नुकसान होईल हे हुडकण्याची त्यांची सवय मात्र निवृत्त झाली नव्हती. ते दर उन्हाळ्यात येऊन समजावत, की या झाडांच्या बियांची म्हातारी उडते, वाऱ्यानं सगळ्यांच्या बागांत जाते, उद्या गल्लीभर काटे झाले तर जबाबदार कोण? आत्या दारात उभी राहून ऐकून घेई. बी धरायच्या आत ती प्रत्येक बोंड कापून पोत्यात भरत असे, एक म्हातारी आजवर तिच्या अंगणातून उडाली नव्हती. पण हे तिनं अध्यक्षांना कधी सांगितलं नाही. त्यांना घाबरलेलं बघायला तिला बरं वाटे.

असं सगळं सुरळीत, म्हणजे परस्परांना तुच्छ लेखत चाललं असताना भाचीचं लग्न ठरलं.

लग्न घरीच करायचं, हिरवळीवर टेबलं मांडायची असं भावजयीनं ठरवलं आणि फुलांच्या सजावटीसाठी शहरातली एक नावाजलेली बाई बोलावली. ही सजावटवाली केस बारीक कापलेली, खिशात कात्री घेऊन हिंडणारी, मोजकं बोलणारी होती. तिनं भावजयीची फुलांची झालर बघितली, हं म्हटलं. हिरवळ बघितली, हं म्हटलं. मग तिची नजर भिंतीवरून पलीकडे गेली आणि तिथंच राहिली. भावजय घाईघाईनं म्हणाली, ते आमचं नाही, त्या दिवशी तिथं पडदा लावून टाकू. तोवर सजावटवाली भिंतीशी पोचलीही होती.

"हे मला मिळेल?" तिनं आत्याला विचारलं. "मला बाकी काहीच नको."

दुसऱ्या कुणासाठी असतं तर आत्यानं नाही म्हटलं असतं. पण भाची तिच्या अंगाखांद्यावर वाढली होती आणि त्या पोरीनं कधी काही पाठ करून म्हणून दाखवलं नव्हतं. लग्नाच्या सकाळी आत्यानं चामडी हातमोजे चढवून निम्मी बाग कापली. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या मगांमधून निळे चेंडू, मधे मधे रुपेरी पानं, नवरीच्या हातात त्या गळपट्टीवाल्या फुलांचा जुडगा. टेबलांवर दुसरं एक फूल नव्हतं.

पाहुण्यांनी नवरीपेक्षा टेबलांचे फोटो जास्त काढले. जेवणं निम्मी व्हायच्या आत भावजय व्याह्यांना सांगत होती, की हा आमच्या वन्संचा छंद, आम्ही पहिल्यापासून त्यांना उत्तेजन देत आलो. आत्या शेजारीच उभी होती. भावजयीनं तिच्याकडे बघून न चाचरता हसून घेतलं. अध्यक्षांनी एका चेंडूला बोट लावून बघितलं, टोचलं, आणि बोट चोखत ते म्हणाले की यात एक वेगळीच शान आहे. फक्त भाऊ टेबलाशी वाकून, मग मागं होऊन, पुन्हा वाकून बघत राहिला आणि शेवटी बहिणीला म्हणाला, "सगळे निळं निळं म्हणतायत. मला तर बुवा करडंच दिसतंय. वाळलेल्या गवतासारखं."

लेकीच्या लग्नात, स्वतःच्या बहिणीच्या फुलांना. आत्या वळली आणि सरळ घरी गेली. भाचीला निरोप द्यायला तेवढी परत आली.

त्यानंतर मागणाऱ्यांची रीघ लागली. ज्या बायका इतकी वर्षं तिच्या फाटकावरून जाताना पदर सावरून अंग चोरत, त्या आता फाटकाशी थांबून गोड बोलू लागल्या. कुणाला एखादं रोप हवं होतं, कुणाला दोन. कुणी म्हणे आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात शोभेल, कुणी म्हणे आमच्या नव्या भिंतीच्या रंगाला जाईल. फूल तेच होतं, काटे तेच होते. फरक एवढाच पडला होता की शहरातल्या एका बाईनं हं म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरून ज्यांचे डोळे उघडले त्यांना डोळे होते असं आत्याला मुळीच वाटत नव्हतं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण आत्यानं कुणालाच नाही म्हटलं नाही. या झाडांचं मूळ गाजरासारखं सरळ खोल जातं. ते तुटलं की झाड आठवडाभर उसनं अवसान आणतं आणि मग बसतं. त्यातून भर उन्हाळ्यात, ऐन फुलावर आलेलं झाड उपटणं म्हणजे त्याचा जीव घेणंच. आत्यानं मागणाऱ्या प्रत्येकाला भर उन्हाळ्यात, ऐन फुलावर आलेलं, चांगलं मोठं झाड दिलं. धारदार खुरप्यानं मूळ मधोमध कापायचं, खाली मातीचा गोळा नीट थापायचा, तो ओल्या कागदात गुंडाळायचा आणि हसून हातात द्यायचं. खत किती घालू, असं विचारलं की ती म्हणे, तुम्हाला काय मी सांगायचं! तिची बाग निम्मी रिकामी झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. खडीत राहिलेली अर्धी मुळं पुन्हा फुटणार होती.

मग ती संध्याकाळी फिरायला बाहेर पडू लागली. आजवर कधी फिरायला गेली नव्हती. दोन्ही हात पाठीमागे घेऊन, सावकाश, प्रत्येक कुंपणाशी थांबून. कोपऱ्यावरच्या घरातलं झाड काठीला बांधलेलं होतं, अपघातातून वाचलेल्या माणसासारखं. त्याच्या शेजारचं शेणखताच्या ढिगात काळं पडलं होतं. अध्यक्षांनी आपल्या झाडावर छत्री उघडून धरली होती. म्हणजे खरोखरच, काळी छत्री, दांडा मातीत रोवून. आत्या दिसली की लोक कसनुसं हसत. कुणी म्हणे विश्रांती घेतंय, कुणी म्हणे आमच्या पाण्यात क्षार आहेत, आणि अध्यक्ष म्हणाले की झाड उत्तम आहे, फक्त त्यानं मान खाली घातलीय. एकानंही मेलं म्हटलं नाही. आत्या सहानुभूतीनं मान हलवे. घरी येऊन जेवताना तिला दोन घास जास्त जात.

भावजयीनंही एक नेलं होतं, हिरवळीच्या मधोमध लावायला. ते भावाच्या हाती गेलं आणि त्यानं त्याची इतकी सेवा केली की बघवेना. सकाळ-संध्याकाळ पाणी, बुंध्याशी वाकून माती चाचपणं, पानांवरून बोट फिरवणं. पंधरवड्यात झाडाचा चोथा झाला. सगळ्यांनी आपापली मढी गुपचूप उचलली. याचं मात्र तसंच उभं राहिलं, हिरवळीच्या मधे, वाळून काडी झालेलं. आत्याला वाटलं, करडं दिसत होतं ना, घे आता मनासारखं करडं.

उन्हं उतरली तशी एक दिवस भावजय भिंतीशी आली. चेहरा ओढलेला. यांनी गाडी आत घेताना फाटकाच्या खांबावर घातली, ती म्हणाली. लागलं नाही, पण खांब दिसलाच नाही म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तर दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं आहे, इतके दिवस काय करत होतात? उद्या एका डोळ्याचं ऑपरेशन.

आत्या बरं म्हणाली, काळजी घ्या म्हणाली आणि आत येऊन खुर्चीवर बसली.

हिरवं गवत पिवळं दिसतं. निळं करडं दिसतं. माणूस वस्तूजवळ वाकतो, मागं सरतो, पुन्हा वाकतो. दुकानात कुणी अनोळखी गिऱ्हाइक येऊन यातलं एक वाक्य जरी बोललं असतं तरी तिनं चौकट खाली ठेवून म्हटलं असतं, चष्मा नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा. शेकड्यांनी माणसं तिनं अशी पाठवली होती. आणि हा सख्खा भाऊ भिंतीपलीकडे तिच्यासमोर रोज गवताला पिवळं म्हणत होता, आणि ती त्याला श्रीमंतीचं अजीर्ण म्हणत होती. तिनं त्याच्याकडे इतक्या वरून बघितलं होतं, की त्याचे डोळे काही तिला दिसले नव्हते. गल्लीतल्या कुठल्याही मूर्खाबद्दल वाटला नव्हता इतका तिटकारा तिला त्या खुर्चीत बसून स्वतःचा आला. ती भावना तिच्या ओळखीची नव्हती. ती काही करून घालवावी म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी दिवसभर खडी उपसली.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी ती बोंडं कापायला बाहेर आली तेव्हा भाऊ भिंतीशी उभा होता. काळा चष्मा कपाळावर चढवलेला. छाटणीनंतर उंटकटाऱ्याला दुसरा बहर आला होता, थोडाच, पण गर्द. भाऊ एका हातानं उजवा डोळा झाकत होता, मग तो उघडून डावा झाकत होता, मग पुन्हा उजवा. लहान मूल करतं तसं, तोंड थोडं उघडं टाकून.

"ताई," तो म्हणाला, "हे कायम एवढं निळं असतं?"

"कायम."

"लग्नातही होतं?"

"होतं."

त्यानं पुन्हा डोळे बदलून बघितलं. या डोळ्यानं निळं, या डोळ्यानं मळकं, तो स्वतःशीच म्हणाला. मग वळून हिरवळीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. एवढं हिरवं असतं होय गवत, आणि मी त्याला पोत्यांनी खत घालत होतो! आत्याला काही बोलायचं होतं, पण तिची जीभ टोमण्यांना सरावलेली, दुसरं काही त्या जिभेवर येईना. तेवढ्यात त्याचं लक्ष मधल्या वाळक्या झाडाकडे गेलं. ते मात्र माझ्या हातून मेलं, तो म्हणाला, पाणी जास्त झालं असणार, मला ओलं-कोरडं कळतच नव्हतं. असं म्हणत तो गेला आणि ते उपटून घेऊन आला. मातीचा गोळा भिंतीवर आपटून त्यानं झटकला, मूळ नव्या डोळ्याजवळ नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं. अंगठ्याएवढं जाड मूळ, आणि खाली सपाट कापलेलं, चाकूनं मुळा कापावा तसं.

"हे कापलेलं आहे," तो म्हणाला.

"हो."

"तू?"

"मी."

तो तिच्याकडे बघत राहिला. आता ती नजर चुकवायची सोय नव्हती, इतकं त्याला स्पष्ट दिसत होतं.

"सगळ्यांनाच असं दिलंस?"

"सगळ्यांनाच."

"अध्यक्षांना?"

"त्यांना सगळ्यांत मोठं दिलं."

भावाच्या ओठाचा कोपरा थरथरला. "त्यांनी त्याच्यावर छत्री धरली होती," तो म्हणाला आणि त्याला हसू आवरेना. भिंतीवर कोपरं टेकून तो खदखदून हसला. डॉक्टरांनी डोळ्यावर ताण नको म्हटलंय हे आठवून थांबला, आणि छत्री आठवून पुन्हा सुटला. भावजय धावत बाहेर आली, काय झालं विचारू लागली. दोघांपैकी कुणीच तिला काही सांगितलं नाही. आत्या हसली नव्हती. पण हातातल्या कात्रीचा चाप तिला लावता येईना, इतकी बोटं सैल पडली होती.

हिवाळ्यात, झाडं निजल्यावर, तिनं मुळं उकरली. करंगळीएवढे तुकडे केले, वरची बाजू कुठली ते ध्यानात ठेवून, आणि वाळूच्या ट्रेमध्ये उभे लावून भावाला दिले. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन तोवर झालं होतं. त्यानं भिंतीलगतची हिरवळीची लांबच लांब पट्टी खोदून काढली, काळी माती टोपल्यांनी मागल्या बाजूला नेली आणि त्या जागी बहिणीच्या अंगणातली खडी आणून भरली. भावजयीनं दोन दिवस अबोला धरला. गालिच्याची किनार कुरतडलेली दिसतेय, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं. भाऊ गुडघे टेकून खडी पसरायचा आणि आत्या भिंतीवरून शिव्या घालायची: एवढी खोल नको, ती उलटी लावलीस, अरे गधड्या, पाणी ठेव तिकडं. त्या दोघांत गेल्या कित्येक वर्षांत मिळून इतकं बोलणं झालं नव्हतं.

वसंतात त्या पट्टीतून खरखरीत पानं वर आली आणि अध्यक्ष आत्याच्या दारात आले. या खेपेस तक्रार तिच्याविषयी नव्हती. आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं की तिच्या भावाचं काहीतरी बिनसलं असावं. इतकी देखणी हिरवळ खणून दगड भरणारा माणूस शहाणा कसा म्हणायचा? ऑपरेशनचा काही परिणाम झाला असेल. आणि ही झाडं या गल्लीत जगत नाहीत हे तर सगळ्यांनी अनुभवलंय, उगाच गृहस्थाचं हसं होईल. आत्यानं, थोरली म्हणून, त्याला समजवावं.

आत्यानं त्यांना आत बोलावलं नाही.

"माझा भाऊ मूर्ख आहे," ती म्हणाली. "लहानपणापासून आहे. पण त्याला मूर्ख म्हणायचा हक्क या गल्लीत एकट्या माझा आहे. तुमचं झाड का मेलं ते विचारायचं असेल तर विचारा, मी सांगते. नसेल विचारायचं तर फाटक ओढून घ्या."

अध्यक्षांनी विचारलं नाही. झाड मेलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. त्यांनी फाटक ओढून घेतलं.

त्या उन्हाळ्यात भावाच्या पट्टीत तीनच चेंडू आले, तेही लिंबाएवढे. त्यानं दोन खुर्च्या भिंतीपाशी आणून ठेवल्या, एक आपल्या बाजूला, दुसरी भिंतीवरून बहिणीच्या अंगणात उतरवली, आणि रोज संध्याकाळी तो तिथं बसू लागला. बसला की त्याचं तोंड सुरू. नव्या डोळ्यांनी त्याला सगळंच दिसायला लागलं होतं आणि दिसलेली प्रत्येक गोष्ट बोलून दाखवल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. तुझी दाराची चौकट वाकडी बसवलीय. तुझ्या गालावर हा तीळ कधी आला? ते रुपेरी झाड मला मुळीच आवडत नाही, भुतासारखं उभं असतं, काढून टाक.

आत्या म्हणाली, ज्याला कालपर्यंत निळं कळत नव्हतं त्यानं रुपेरीबद्दल बोलू नये.

"खिडकीच्या काचा बघ," भाऊ म्हणाला. "किती घाण झाल्यात. चष्म्याच्या दुकानात होतीस म्हणे."

त्यावर ती उठून आत निघून गेली. वाटणीच्या वेळी तो शेफारला होता, आता डोळे आल्यावर आणखी शेफारला, असं ती स्वतःशी पुटपुटली. सकाळी बादली आणि फडकं घेऊन ती बाहेर आली. खिडक्या तीन होत्या. भिंतीकडची तेवढी तिनं पुसली, दोन्ही बाजूंनी, आणि बाकीच्या दोन तशाच ठेवल्या.